मिठाचा प्लॉट

जहूर बुरोंडकरला सरकारने परदेशी शेतीसाठी निवडलं, ते तो माडावर झरझर चढला म्हणून. मी त्याची टिंगल करत नाही, तो स्वतःच हे सांगतो आणि वर हसतो. २०११ साली कोकण किनाऱ्यावरच्या तरुणांना ओमानमधल्या नारळाच्या बागांवर पाठवायची एक योजना निघाली होती. निवडीला आलेल्या साहेबांनी शाळेमागच्या एका माडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, चढ. खाडीकाठचा मुलगा, चढला. ज्याला माडावर चढता येतं त्याला माड लावताही येत असणार, असं साहेबांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात जहूरचा बाप खलाशी, आजा खलाशी, आणि घराच्या अंगणात अळूच्या पानांपलीकडे कधी काही उगवलं नव्हतं.

मला हे सगळं इतकं तपशिलात माहीत असायचं कारण म्हणजे माझी स्वयंपाकघराची खिडकी. मी विद्या. मूळची पुण्याची, नवरा सलील ओमानमधल्या सलालाहच्या बंदरात नोकरीला. तिथल्या दहारीज भागात आमचं भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि मागे लागूनच नारळाची बाग. बागेला कमरेएवढी भिंत आहे. त्या काळी बागेत मोबाइलला रेंज मिळत नसे. ती मिळायची नेमकी त्या भिंतीवर, माझ्या खिडकीखाली. रोज संध्याकाळी जहूर कॉलिंग कार्ड घेऊन भिंतीवर चढून बसायचा आणि बायकोशी बोलायचा. खिडकी बंद केली तर फोडणीचा धूर कोंडतो, असं मी सलीलला सांगायचे. खरं तर मला ऐकायचंच होतं. परमुलखात आपल्या भाषेत कोणी वाद घालताना कानावर पडलं की बरं वाटतं.

योजनेबद्दल थोडं सांगायला हवं. मुलांना निघताना हार घातले, फोटो काढले आणि भाषणात 'वसाहत' हा शब्द इतक्या वेळा वापरला की पोरांना वाटलं, तिकडे आपली गावंच वसणार. ओमानमध्ये परदेशी माणसाच्या नावावर शेतजमीन होत नाही, हे व्यासपीठावर कोणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून कोणाला रंगाचा बेरंग करायचा नव्हता. इथे आल्यावर कळलं की वसाहत म्हणजे अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या बागेतल्या दोन खोल्या. त्याही सगळ्यांना नाहीत. प्रत्येक मुलाला म्हातारे माड काढलेला एकेक तुकडा दिला होता. तिथे नवी रोपं लावायची. इथे पावसाळ्याला खरीफ म्हणतात, तीन महिने नुसतं धुकं आणि बुरबुर. ते संपलं की पाहणी व्हायची. ज्याच्या तुकड्यात चारातली तीन रोपं तगली असतील त्याला कायमचा माळी म्हणून नेमायचं, दोन खोल्या द्यायच्या आणि बायकामुलं आणायची परवानगी काढून द्यायची. ज्याची तगली नसतील त्याने तिकीट घेऊन घरी जायचं.

जहूर आला होता तो त्या दोन खोल्यांसाठी. नीट सांगायचं तर त्याची बायको नसीबा हिने त्याला पाठवला होता. नसीबा श्रीवर्धनकडची, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली. बाप गेल्यावर भावांनी वाडी वाटून घेतली आणि हिचं लग्न लावून दिलं. सासरी खाडीचा चिखल आणि चुलत्यांच्या घराला टेकलेली एक खोली. योजनेची बातमी तिनेच आणली होती. तिथे मुली घेत नाहीत म्हटल्यावर तिने नवऱ्याला पुढे केलं. त्या जोडीतलं चुकीचं माणूस सरकारने उचललं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

कारण भिंतीवरच्या त्या फोनमध्ये शेती सगळी नसीबा करायची. जहूर विचारायचा आणि ती तिकडून सांगायची. खड्डा केवढा घ्यायचा, रोप किती खोल बसवायचं, मान मातीखाली जाऊ द्यायची नाही, वाऱ्याच्या बाजूला झावळीचा आडोसा करायचा. तो प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणून घ्यायचा. पोटात मूल असलेली बाई तिकडे दारात बसून इकडच्या बागेत काम करून घेत होती, आणि दोघांनाही त्याची मजा वाटत होती. सना जन्मली त्या आठवड्यातसुद्धा आधी पोरीचं नाक कोणासारखं आहे ते झालं आणि लगेच विषय रोपांवर आला.

लावणीच्या आदल्या संध्याकाळी तिने मिठाची आठवण केली. खड्ड्याला दोन ओंजळी जाडं मीठ आणि वर राख. जहूर म्हणाला, हितली माणसं मीठ घालत नाहीत. त्यावर ती काय म्हणाली ते फोनमधून मलाही ऐकू आलं, इतकी ती जोरात बोलली. घालत नाहीत म्हणूनच तिथले माड असे खंगलेत, तुम्ही घाला.

कोकणात ती रीतच आहे. वाळवी लागू नये, मुळांनी जोर धरावा म्हणून नारळाच्या खड्ड्यात मीठ घालतात. नंतर चार महिने पाऊस असा कोसळतो की जास्तीचं मीठ आपोआप धुऊन जातं. हे दुसरं वाक्य कोणी कोणाला सांगत नाही, कारण तिथे ते सांगायची वेळच येत नाही.

बाकीच्या मुलांनी सांगितलं तेवढं केलं, रोपं खड्ड्यात उभी केली आणि क्रिकेट खेळायला गेली. जहूरने कोळ्यांकडून मिठाची पोती आणली, सायकलवर घालून, एकेक करून. प्रत्येक खड्ड्यात त्याने ओंजळी मोजून मीठ घातलं, राख घातली, माती लोटली. सगळ्यांत जास्त राबला तो. मला खिडकीतून दिसायचं, रोप बसवल्यावर तो चार पावलं मागे जाऊन बघायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा.

उन्हाळा तापायच्या आत त्याच्या रोपांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी टोकं, मग सगळी धार. शेजारचे तुकडे हिरवेगार आणि याचाच तेवढा तपकिरी. त्याने पाणी वाढवलं तर रोपं आणखी करपली.

शेवटी रोपवाटिकेतून भिकाजी आला. भिकाजी वेंगुर्ल्याचा. सलालाहला येऊन त्याचे केस पांढरे झाले होते. सगळी रोपं त्याच्याच हातची होती, म्हणून तो स्वतः बघायला आला. त्याने एका खड्ड्यातली माती उकरली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"मेल्या, मीठ घातलंस?"

जहूर हो म्हणाला.

"कोणी सांगितलान तुका?"

जहूर उकरलेली माती परत खड्ड्यात लोटायला लागला. मग भिकाजीने त्याला समजावलं. इथल्या विहिरी समुद्राच्या इतक्या जवळ की पाणी मुळातच मचूळ. रोज शिंपताना थोडं थोडं मीठ आपणच घालतो आहोत, आणि धुऊन न्यायला वर पाऊस कुठे आहे. धुक्याने पान ओलं होतं, मूळ नाही. भिकाजी ओरडला नाही. सुरुवातीला त्यानेही एका झाडाला हेच केलं होतं, पण एकाच झाडाला, असं म्हणाला आणि निघून गेला.

त्या रात्री मुलांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून जहूरला वाट काढून दिली. अर्बाबला सांग, रोपंच किडकी होती. तुला नवा तुकडा मिळेल, नवी रोपं मिळतील, पाहणीची तारीखही पुढे जाईल. गोष्ट पटण्यासारखी होती, कारण मिठाबद्दल भिकाजी आणि या मुलांशिवाय कोणाला कळलेलं नव्हतं आणि भिकाजी चुगली करणाऱ्यातला नव्हता. मात्र रोपं किडकी म्हटलं की भिकाजीची नोकरी जाणार हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी जहूर शहाळी द्यायला आमच्या जिन्यात आला तेव्हा त्याने हे मला सांगितलं. भिकाजीकाकांवर ढकलणार नाही, हे त्याचं ठरलेलंच होतं. मी म्हटलं, मग खरं सांगायचंच आहे तर अख्खं सांग. बायकोने सांगितलं म्हणून घातलं म्हण. अर्बाब हसेल आणि एखादी संधी देईल. माझ्या मते हा शहाणपणाचा सल्ला होता. जहूर माझ्यावर चिडला. एरवी माझ्यासमोर मान वर न करणारा मुलगा जिन्यात उभा राहून मला सुनावत होता.

"वहिनी, तिचा नाव खय येता कामा नये. आणि तिला तर कधीच कळता नये. मना वचन द्या."

मी वचन दिलं. माझ्या जिभेला हाड नाही हे माझ्या माहेरापासून सासरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि नेमकं माझ्याकडूनच त्याने वचन घेतलं.

अर्बाब मुसल्लम हा तोलून बोलणारा माणूस. जहूरने त्याच्यापुढे उभं राहून मोडक्या अरबीत सांगितलं की मीठ मी घातलं, रोपं चांगली होती. कोणी सांगितलं, या प्रश्नावर म्हणाला, कोणी नाही, माझंच डोकं. मुसल्लम हसला आणि त्याला 'अबू मिल्ह' म्हणाला. म्हणजे मिठाचा बाप. आजूबाजूचे सगळे हसले. तेव्हापासून दहारीजच्या बागांमध्ये जहूरला कोणी जहूर म्हणत नाही, आणि त्या तुकड्याला सगळे मिठाचा प्लॉट म्हणतात. पण अट मुसल्लमने तसूभरही सैल केली नाही. खरीफ संपल्यावर चारातली तीन. तगली तर खोल्या, नाही तर तिकीट.

त्या संध्याकाळी जहूर भिंतीवर बसला आणि मी खिडकीशी उभी राहिले. सांगेल की नाही याची मला फार उत्सुकता होती. आधी त्याने सनाची चौकशी केली. मग अगदी सहज आवाजात म्हणाला की बाजूच्या प्लॉटवाल्याची रोपं करपतायत, काय करावं त्याने?

नसीबाने पानांबद्दल विचारलं, कडा की मध्य, वरची की खालची. त्याने सगळं बरोबर सांगितलं. क्षणभरात तिचं निदान झालं. मीठ बेसुमार घातलं असणार. कोण आहे तो, कुठल्या गावचा? काही अक्कल आहे की नाही? जहूर म्हणाला, नाय, अडाणीच आहे. ती म्हणाली, त्याला सांगा, रोपं उचल, खड्ड्यातली माती सगळी काढून टाक, गोड्या पाण्याने खड्डा धू, तळाला नारळाची सोडणं अंथर आणि नवी माती घालून लाव. त्यातली काही जगतील. आणि तुम्ही त्याच्या नादाला लागू नका, आपली रोपं सांभाळा.

मी खिडकीत ओठ घट्ट मिटून उभी होते. हसू येत होतं आणि त्या पोराची कीवही येत होती.

पुढचे महिने तो माणूस माणसात नव्हता. दिवसाचं नेमून दिलेलं काम झालं की तो मिठाच्या प्लॉटवर जायचा. एक खड्डा रिकामा करायचा, माती बागेबाहेर नेऊन टाकायची, डोंगराच्या पायथ्याची माती आणायची. गोड पाण्याचा टँकर बागेत यायचा तो माणसांना प्यायला. टँकरवाल्याला भिकाजीने गळ घातली आणि तळाशी उरलेलं पाणी जहूरला मिळायला लागलं. ते तो डब्यांनी वाहायचा. सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, गोळा करायला तो कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या शहाळ्यांच्या टपऱ्यांवर फिरायचा. आमच्याही घरातली सोडणं मी त्याच्यासाठी वेगळी ठेवायला लागले. सलीलने विचारलं की हा कचरा आपण का साठवतोय, तेव्हा मी त्याला फक्त गप्प बस म्हटलं.

बाजूच्या प्लॉटवाल्याची खबर नसीबा मात्र नियमाने घ्यायची. सुकी मासळी कुटून त्या गाढवाला मुळाशी घालायला सांगा, पण धुऊन. कोवळा कोंभ दिसला का? दिसला म्हटल्यावर ती खूश व्हायची आणि पुन्हा म्हणायची, आणि आपली? आपली बरी आहेत, जहूर म्हणायचा.

खरीफ आला आणि गेला. शहरभर मस्कतहून, दुबईहून धुकं बघायला पर्यटक आले, बागेतल्या चिखलात फोटो काढून गेले. पाहणी झाली. जहूरच्या प्लॉटमध्ये निम्म्याहून थोडी जास्त रोपं उभी होती. जिथे एकही उरणार नाही असं सगळे म्हणत होते तिथे हे खूपच होतं, पण चारातली तीन नव्हती. मुसल्लमने प्लॉटभर फिरून बघितलं, एका रोपाला हात लावला आणि तिकीट काढायला सांगितलं.

जहूरने तिकीट नाकारलं. मला कायम नेमू नका, म्हणाला, खोल्या देऊ नका, साधा मजूर म्हणून ठेवा, पण याच प्लॉटवर. मुसल्लमला स्वस्तात माणूस मिळत होता, तो कशाला नाही म्हणेल. योजनेतली जी मुलं पास झाली होती त्यांतल्या बहुतेकांनी दोन वर्षांत बागा सोडल्या. कोणी मस्कतमधल्या रुवीत दुकानाला लागला, कोणी इब्रीला, कोणी गावी गेला. योजनेचे साहेब बदलले आणि नव्या साहेबांना सलालाह कुठे आहे ते नकाशात शोधावं लागलं असणार. ज्याला नापास केलं तो एकटा माडांपाशी राहिला.

त्याला हे नसीबाला सांगावं लागलं आणि ते ऐकणं मला जड गेलं. खोल्या नाही मिळाल्या, एवढंच तो म्हणाला. का, ते सांगितलं नाही. तिने त्याला काय काय म्हटलं. झोपा काढल्या असतील, मित्रांबरोबर फिरला असाल, मी एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं. त्या बाजूच्या अडाण्याची रोपं जगली आणि तुमची नाही? जहूर सगळं ऐकून घेत होता. शेवटी ती म्हणाली, परत या, माझा भाऊ मुंबईत कुठे तरी चिकटवेल. जहूर म्हणाला, येत नाय. हे माड उभे केल्याशिवाय येत नाय. तिने फोन ठेवला. तो बराच वेळ तसाच भिंतीवर बसला होता. मी खाली जाऊन त्याला चहा दिला आणि काही बोलले नाही, जे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

चार दिवसांनी तिचाच मिस्ड कॉल आला. रागावलेली होती, पण पहिला प्रश्न होता, पाणी देताय ना.

अशी वर्षं गेली. मध्ये तो एकदा सुट्टीवर गावी जाऊन आला. समोरासमोर असूनही त्याने तिला सांगितलं नाही, हे परत आल्यावर त्याने मी न विचारताच मला सांगितलं. सना त्याला अंकल म्हणाली होती, तेही सांगितलं. ते सांगताना तो रडला. मी त्याला चांगलंच झाडलं. म्हटलं, हा कसला हट्ट, पोरीला बाप परका झाला आणि बायको तुला आळशी समजते, कशासाठी? तो जागचा उठला. डोळे पुसले आणि बागेत गेला.

माड मात्र उठले. करपलेल्या रोपांतून वाचलेले ते माड आधी खुरटे राहिले आणि मग अचानक वाढायला लागले. २०१७च्या सुरुवातीला पहिल्या माडाला पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आणि वर्ष संपायच्या आत प्लॉटमधल्या बहुतेक सगळ्यांना फळ धरलं. मुसल्लम फिरायला आला तेव्हा त्याच्याकडे पास झालेल्या मुलांपैकी एकही उरला नव्हता. त्याने जहूरला बोलावून सांगितलं की खोल्या रिकाम्या आहेत, बायकोला आण. न हसता, न काही कौतुक करता, त्याच आवाजात जसं तिकीट काढायला सांगितलं होतं.

नसीबा आली ती थंडीत, सनाला घेऊन. मी विमानतळावर गेले होते. फोनवर इतकी वर्षं तिचा आवाज ऐकला होता, तरी बाई एवढीशी असेल असं मला वाटलं नव्हतं. सना बापाकडे लगेच गेली नाही. आईचा दुपट्टा धरून राहिली. जहूरने तिला घाई केली नाही.

सकाळी चहा झाल्या झाल्या नसीबा बागेत निघाली. मला घेऊन गेली. भिकाजीही आला होता, आता पार थकलेला, काठी घेऊन. मुसल्लमची नातवंडं बागेत खेळत होती. त्यांनी जहूरला बघून 'अबू मिल्ह, अबू मिल्ह' म्हणून हाका मारल्या. नसीबाने विचारलं, काय म्हणतायत? जहूर म्हणाला, तसंच, काही नाय. भिकाजीला काय ठाऊक की यात लपवायचं काही आहे. त्याने हसत हसत तिला सगळं सांगून टाकलं. तुझ्या घोवाने खड्ड्यात मीठ घातल्यान, अख्खो प्लॉट जळलो, तरी ह्या गाढवान तो उभो केल्यान.

मी नसीबाकडे बघत होते. ती आधी हसली. मग तिने माडांच्या रांगेकडे बघितलं, मधल्या रिकाम्या जागांकडे बघितलं, बाजूच्या प्लॉटकडे बघितलं. तिचं हसू गेलं. जहूर जमिनीकडे बघत उभा होता.

"बाजूचा प्लॉटवाला कोण होता?" तिने विचारलं.

जहूरने हातातलं फावडं मातीत रोवलं.

"मी पाच वर्सां शिव्या घातल्या त्या कोणाला?"

ती रडत नव्हती. संतापली होती. मला वाटलं होतं, आता हिला भरून येईल, पदर डोळ्यांना लागेल वगैरे. छे. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की मना बोललात का नाय, मी तुमची कोण होते, मी काय मोडून पडले असते? एवढी वर्षं मला नवरा आळशी आहे असं वाटत राहिलं, मी तसं तुमच्या आईला बोलले, माझ्या भावांना बोलले. माझी चूक तुम्ही मलाच का निस्तरू दिली नाही?

जहूरने मान वर केली.

"तुला सांगितला असता तर तू परत मना काय सांगितलंच नसतंस. प्रत्येक गोष्टीला भ्यायली असतीस. आणि मना माडातला काय येतंय? तू गप झालीस म्हंजे हे माड मेले असते."

मला इतकी वर्षं वाटत होतं की तो बायकोला लाजेपासून वाचवतोय. इतकंच नव्हे, वचन देताना मी मनातल्या मनात त्याला थोर वगैरे ठरवून टाकलं होतं. तसलं काही नव्हतं. त्याला तिची गरज होती, तिचा तो ठासून सांगणारा आवाज जसाच्या तसा हवा होता, आणि तो टिकवायला त्याने तिचा राग रोजच्या रोज अंगावर घेतला होता. मला तिथे उभं राहवेना, तरी मी हलले नाही.

नसीबा वळली. ती विहिरीपाशी गेली, पंपाच्या तोंडाशी ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. परत एकदा घेतलं आणि या वेळी गिळलं. मग रिकाम्या जागांतून एकेक करून फिरली. मातीत बोट घालून वास घेत होती, कुठे जिभेला लावत होती. जहूर तिच्या मागे चार पावलांवर चालत होता.

इतक्यात मुसल्लम आला. नव्या बाईला सलाम करून त्याने जहूरला विचारलं की या रिकाम्या जागांचं काय करायचं, त्यात लिंबं लावावी असं त्याच्या मनात होतं. नसीबाने नवऱ्याकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि नाही म्हणाली. इथे माडच लागतील, आधी एक खरीफ सगळ्या खड्ड्यांत सोडणं कुजवायची, मग लावायचे, आणि पहिल्या वर्षी विहिरीचं पाणी द्यायचं नाही. जहूर एकेक वाक्य अरबीत सांगत गेला. मुसल्लमने ऐकून घेतलं, आणि मग, त्याच्या पद्धतीप्रमाणे, विचारलं की हे फुकट गेलं तर जबाबदार कोण.

मला वाटलं, जहूर पुन्हा म्हणेल, माझंच डोकं.

"हिचा डोका," जहूर म्हणाला. आधी अरबीत, मग तिला कळावं म्हणून आपल्या भाषेत. "आधीचा पण हिचाच होता. मीठ पण हिचा, आणि हे माड जगले ते पण हिचेच. मना इचारू नका, हिला इचारा. मी नुसते खड्डे खणतंय."

मुसल्लमने नसीबाकडे बघितलं. ती मान खाली न घालता त्याच्याकडे बघत होती. सना तिच्या मागून पुढे येऊन बापाच्या फावड्याशी उभी होती. मुसल्लम म्हणाला, तायिब, ठीक आहे, आणि आपल्या नातवंडांना हाक मारून निघून गेला.

नसीबाने दुपट्टा कमरेला गुंडाळून गाठ मारली. जहूरकडे न बघताच तिने विचारलं, पहिला खड्डा कुठून धरायचा? जहूर म्हणाला, तू सांग. तिने सांगितलं.